आमची वाटचाल: कुपवाडचे वर्कशॉप आणि मापाच्या वह्या

साखर कारखान्यांना सुटे भाग करून देणारे आमचे वर्कशॉप १९९६ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एका भाड्याच्या गाळ्यात, लिलावात घेतलेल्या एका जुन्या लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, सुरू झाले. पुढची पंधरा-सोळा वर्षे विस्ताराने सांगण्यासारखी नाहीत. काम येत गेले, मशिने वाढत गेली आणि गाळा स्वतःचा झाला. सांगायचे आहे ते २०१३ च्या उन्हाळ्याविषयी, कारण हाताखाली माणसे कशी ठेवावीत याविषयी मला जे काही कळते, ते बहुतेक त्याच ऑफ सीझनमध्ये, म्हणजे गाळप बंद असून कारखान्यांची दुरुस्ती चालते त्या काळात, कळले.

जुन्या मिलच्या भागांची ड्रॉइंग्ज सहसा कोणाकडे नसतात. समोर येतो तो झिजलेला शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा. त्याची न झिजलेली जागा शोधून, तिथले माप घेऊन, बेअरिंगचा नंबर पाहून मूळचे माप ठरवावे लागते. अशी मापे आम्ही लाल पुठ्ठ्याच्या वह्यांत उतरवून ठेवत असू. पानांना ऑइलचे डाग, कडेला पेन्सिलीने काढलेली शाफ्टवरच्या चावीच्या खाचेची आकृती आणि खाली ‘कपलिंगकडची (जोडाकडची) बाजू दोन शतांश मिलिमीटर जास्त ठेवणे’ असा शेरा. वर्कशॉपची खरी मालमत्ता या वह्या होत्या, लेथ नव्हेत.

आमचे सुपरवायझर पहिल्या वर्षापासून माझ्याबरोबर होते. त्यांच्याइतका हाताचा टर्नर मी आजही पाहिलेला नाही, हे कबूल केलेच पाहिजे. गाळप संपून कामाचा ओघ सुरू होताच ते चार कारागिरांसह बाहेर पडले आणि मागच्याच ओळीत त्यांनी स्वतःचे शेड टाकले. माणसाने स्वतःचा धंदा काढण्याला माझी हरकत नव्हती आणि नाही. जाताना त्यांनी वह्यांच्या झेरॉक्स नेल्या, याला मात्र आहे. दर आमच्यापेक्षा कमी लावला आणि तो परवडावा म्हणून ईएन-२४ या कठीण पोलादाच्या जागी ईएन-८ या स्वस्त, मऊ पोलादाचा राउंड बार (गोल सळई) वापरला. टर्निंग झाल्यावर दोन्ही सारखेच चकाकतात. ईएन-२४ चा बार बहुधा कडक करूनच येतो आणि त्याची कठिणता साधारण ब्रिनेल या कठिणतेच्या मापात २५० ते ३०० भरते, ईएन-८ त्याच्या बरेच खाली राहतो. पण खरेदी विभागात दर पाहतात, कठिणता कोण तपासतो? त्या पावसाळ्यात आमची निम्मी मशिने झाकून ठेवलेली होती.

त्या काळात आमच्याकडे टिकून राहिले ते वाळवा तालुक्यातील एका कारखान्याचे चीफ इंजिनिअर. स्वतःचा मायक्रोमीटर खिशात घेऊन यायचे, आमच्या मायक्रोमीटरशी तो ताडून पाहायचे आणि मगच जॉबला हात लावायचे. दोन्ही शेडमधून आलेल्या शाफ्टची कठिणता त्यांनी तपासून घेतली आणि मिल टर्बाइनकडचे सगळे काम आमच्याकडे ठेवले. मला त्यांनी एवढेच विचारले, “मालक, हे माप तुमच्याकडं आणखी कोणाला येतं?” तेव्हा उरलेल्यांत आयटीआय करून आलेली दोन मुले होती, आणि त्यांना कोणतेच माप येत नव्हते.

त्या दिवसापासून जो जॉब करील त्यानेच वहीत माप लिहून सही करायची, आणि प्रत्येक कारखान्याचे काम किमान दोघांना माहीत असायचे, असा नियम झाला. व्यवस्थापक होऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की उत्तम कारागिराला सुपरवायझर करताना त्याच्या कामाचा पगार वाढवावा, परंतु गिऱ्हाईक, वही आणि कोटेशन या तिन्ही गोष्टी एका हाती देऊ नयेत. दुसरे असे, की वाईट बातमी आणणाऱ्याला चारचौघांत बोलू नये. त्या दोन मुलांपैकी एकाने एका पंपाच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा दोन शतांश मिलिमीटर कमी घेतली आणि संध्याकाळी स्वतः येऊन सांगितले. तसाच शाफ्ट गेला असता तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरू लागून तापली असती आणि ऐन हंगामात ऊस टाकण्याच्या गव्हाणीसमोर उसाच्या गाड्या खोळंबल्या असत्या. मी त्याच्यासमोरच चीफ इंजिनिअरना फोन लावला. “मोळी टाकून गाळप सुरू झाल्यावर कळलं असतं तर आमचं अवघड झालं असतं. परवा दुसरा द्या,” असे ते म्हणाले. मुलाच्या पगारातून बारची किंमत कापली नाही, आणि ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला माहीत होती. तोच मुलगा आज आमचे प्रॉडक्शन बघतो.

पैशांविषयीही लिहिणे भाग आहे. ऑफ सीझनची बिले कारखान्याची साखर विकल्यावर निघतात, आणि दिवाळीचा बोनस, किमान ८.३३ टक्के, नेमका त्याच्या आधी द्यावा लागतो. उसाचा दर १४ दिवसांत द्यावा असा कायदा आहे, त्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या संघटनाही आहेत आणि ते योग्यच आहे. आम्हा लघुउद्योजकांसाठीही २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, पण आमच्यासाठी रस्ता कोणी अडवत नाही. म्हणून मी दर ऑगस्टमध्ये येणे-देणे फळ्यावर खडूने लिहून कामगारांसमोर ठेवतो. २०१३ साली बोनस दोन हप्त्यांत देणार असे त्या फळ्यासमोर उभे राहून सांगितले तेव्हा एकानेही काम सोडले नाही, आणि दुसरा हप्ता मी संक्रांतीच्या आत दिला.

मागच्या ओळीतले शेड काही वर्षांनी बंद झाले. २०१३ साली त्यांचे स्वस्तातले शाफ्ट घेणाऱ्या एका कारखान्याकडे आमची त्यापूर्वीची तीन बिले अडकली आहेत. त्या बिलांचे स्टेटमेंट आम्ही दर तिमाहीला पोस्टाने पाठवतो, आणि पोहोच पावत्या वेगळ्या फाइलला लावतो.