मलिदा आणि एलियाहू हनाबी

आज मलिद्याचं ताट. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करतात ते गोड पोहे. अर्धा किलो जाडे पोहे चाळणीत दोनदा धुवायचे, दहा मिनिटं झाकून ठेवायचे. भिजत घातले की लगदा झालाच म्हणून समजा. एका मोठ्या नारळाचा चव, पाव किलो साखर, वेलची, जायफळ, बेदाणे, बदामाचे काप. साखर मात्र अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं आणि तासाभरात ताट चिकट. वर पाच फळं नि गुलाब.

बराखा (आशीर्वादाची छोटी प्रार्थना) म्हणताना घोळ होतो तो केळ्यापाशी. खजूर, सफरचंद झाडाचे. केळं मात्र जमिनीच्या फळांत, त्याची बराखा वेगळी. गुलाबाला सुगंधाची.

यात दूध नाही, मांस नाही, आणि ज्यू आहारनियमांत मांसासोबत दूध चालत नाही. त्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही चालतो आणि शेजारच्या शाकाहारी काकूंनाही. माझ्या मते बेने इस्रायलांचा खरा चमत्कार हाच! अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथे नवस फेडायलाही हाच मलिदा नेतात.

मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्युइश रिलिजस युनियन निघाली, सुधारणावादी उपासनेसाठी. ताट तिथेही हेच. उरलेला मलिदा फ्रिजमध्ये ठेवू नका, पोहे वातड होतात. रात्रीच वाटून टाका.