उद्धट म्हणजे नेमकं कोण

कोल्हापूरची मावशी आमच्याकडे गोव्यात फोंड्याला आली होती, तिला सकाळी मार्केटात मासळी घ्यायला नेलं. पाटी घेऊन बसलेली बाई वयानं तिच्यापेक्षा बरीच लहान, तिनं एक बांगडा उचलला, कल्ला उघडून आतला लालभडक रंग दाखवला आणि म्हणाली, "घे गो बाय, ताजे आसात, तुका कितले जाय?" (घे गं बाई, ताजे आहेत, तुला किती हवेत?) मावशीचा चेहराच पडला. बाहेर आल्या आल्या म्हणते, काय उद्धट बाई गं, सरळ एकेरीवर!

आता तिला कसं समजावू, कोकणीत आम्ही आईलापण तूं म्हणतो, आजीलापण, आणि ते गो बाय आहे ना त्यात माया असते. तुमी आहे कोकणीत, पण ऊठसूट कोणी लावत नाही.

मग मी त्या शब्दातच अडकले. उद्धट आला संस्कृतातल्या उद्धत वरून, उद् अधिक हत, म्हणजे वर उचललेला, ताठलेला (म्हणून द ला ध जोडायचा, सगळीकडे उध्दट लिहिलेलं दिसतं ते चूक आहे, प्लीज तसं लिहू नका). म्हणजे मुळात त्यात मानेचा ताठा आहे, तू की तुम्ही हा प्रश्नच नाही. आणि आपण तो वापरतो कुणाला, तर बहुतेक वेळा लहानानं मोठ्याला उलट उत्तर दिलं की. खुर्चीतला माणूस तसा वागला तर तो उर्मट. शेजारचं पोरगं मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं ते नुसतं आगाऊ, आगाऊ रक्कम भरतो त्यातलंच आगाऊ, वेळेच्या आधीच आलेलं. हा शब्द मला फार आवडतो, त्यात राग कमी नि कौतुक जास्त.

मागच्या वर्षी बाबांना घेऊन एका ऑफिसात गेले होते, बाबा ७४ वर्षांचे, सही कुठे करू एवढंच विचारलं त्यांनी. काउंटरवरचा मुलगा मोबाईलमधून नजरही न काढता म्हणाला, "तुम्हाला वाचता येत नाही का, लिहिलंय ना तिथे." तुम्हाला म्हणाला, व्याकरण एकदम जागेवर. बाबा काही न बोलता खिशात चष्मा शोधत राहिले, ते मला अजून आठवतं आणि अजून तेवढाच राग येतो. वयानं लहान म्हणून उद्धट, खुर्चीत बसून बोलला म्हणून उर्मट, त्याला दोन्ही शब्द लागू पडतात.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पिशवी घेऊन तयार, म्हणाली चल, कालच्याच बाईकडे जाऊ.