तीन मिलिमीटर आणि आमची बेडरूम

आमची बिल्डिंग जुनी, पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये असते तीच ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी, बेडरूममध्ये तर तिचं पॉलिश कधीच गेलेलं आणि हिवाळ्यात सकाळी पाय ठेवला की थेट मेंदूत कळ. ती उखडून टाइल्स बसवायच्या म्हणजे धूळ, राबिट, खालच्या काकूंची कटकट, महिनाभराचं काम. म्हणून दिवाळीनंतर ठरवलं की वरूनच लॅमिनेट टाकायचं, आणि ते पण स्वतः. कारण दोन वर्षांपूर्वी मुलांच्या खोलीत एका कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं होतं ते पहिल्याच जुलैत खोलीच्या मधोमध पापडासारखं फुगलं. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायाची पट्टी काढून बघितलं तर फळ्या भिंतीला घट्ट चिकटवलेल्या, एक कागद जाईल एवढी पण फट नाही. त्याला फोन केला तर म्हणे "पावसाळ्यात होतं असं साहेब".

होतं हे खरंच, पण ते होणार हे धरूनच हे काम करायचं असतं. लॅमिनेट म्हणजे लाकूड नाही, लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला एचडीएफचा बोर्ड, त्यावर लाकडाचा छापलेला कागद आणि त्यावर पारदर्शक कडक थर. (आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे लाकडाचा फोटो घेतलास होय. आता यावर काय बोलणार.) हा दाबलेल्या तंतूंचा बोर्ड हवेतली ओल पितो आणि पसरतो, उन्हाळ्यात परत आकसतो. म्हणून ही फरशी खाली कुठेच चिकटवत नाहीत की खिळे मारत नाहीत, फळ्या फक्त एकमेकींत अडकवायच्या आणि सगळी खोली मिळून एक चटई असल्यासारखी नुसती फोमवर पडलेली असते. त्या चटईला चारी बाजूंनी हलायला जागा हवी. आणि आम्ही तर नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत टाकत होतो, म्हणजे पसरायचं सगळं पुढेच होतं.

दुकानात एसी 3, एसी 4 असलं ऐकून बायकोला वाटलं एअर कंडिशनरबद्दल चाललंय. ते झिजेचे नंबर असतात, घराला 3 पुरतो. खोली 10 बाय 12, 8 एमएमचे 7 बॉक्स घेतले, एकात 8 फळ्या, 110 रुपये स्क्वेअर फूट, फक्त फळ्यांचे जवळजवळ 16 हजार. बॉक्स दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवून दिले, फळ्यांना तिथली हवा लागावी म्हणून. तेवढ्यात लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फिरवून फरशी तपासली, दोन मीटरमागे 3 एमएमपर्यंत खड्डा चालतो, आमचा खिडकीजवळ जास्त निघाला तो भरून घेतला.

शनिवारी मेव्हणा आला. प्लास्टिक, फोम अंथरून झालं, दारासमोरच्या भिंतीपासून सुरुवात, फळ्या 12 फुटाच्या बाजूने. भिंतीला फट ठेवायला त्याच फळीचे तुकडे उभे खोचायचे, फळी 8 एमएमची म्हणजे फट पण आपोआप 8. आणि इथेच मजा झाली. 12 फूट म्हणजे 3658 मिमी, दोन्हीकडच्या फटी वजा करून उरले 3642, आणि फळी 1215 ची, तीन फळ्या म्हणजे 3645. तीन मिलिमीटर जास्त!

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तीन एमएमसाठी काय करवत काढताय, एका बाजूचा तुकडा काढा नि रेटून बसवा, सगळ्या ओळी बिनकटिंगच्या होतील, दुपारपर्यंत मोकळे." खरं सांगतो मला पण दोन मिनिटं पटलं होतं. त्या कॉन्ट्रॅक्टरला पण असंच कोणीतरी दुपारपर्यंत मोकळं व्हायला सांगितलं असणार. शिवाय सगळ्या ओळींचे जोड एका रेषेत आले की तिथेच फरशी कमकुवत होते, जोड निदान फूटभर तरी मागेपुढे पाहिजेत. मग काय, पहिल्या ओळीतली शेवटची फळी 3 मिमी कापली, दुसरी ओळ 810 च्या तुकड्याने सुरू केली आणि त्याच फळीचा उरलेला 405 चा तुकडा 402 चा करून शेवटी लावला, वाया काही गेलं नाही. जिगसॉने कापताना फळी पालथी धरायची हे मात्र एक फळी सुलटी कापून टवके उडाल्यावर कळलं. आणखी एका फळीची जीभ, म्हणजे दुसरीत अडकणारी कड, मेव्हण्याने ठोकळा न लावता डायरेक्ट हातोडी मारून चेपून घालवली, त्याबद्दल तो अजून काही बोलत नाही.

15 ओळी पूर्ण बसल्या, सोळावी दाराच्या भिंतीला उभी चिरून साडेदहा सेंटीमीटरची. रविवार संध्याकाळ झाली. आणि मग दार लागेना! फोम धरून फरशी 10 एमएम वर आली हे आम्ही दोघंही विसरलेलो, सुताराला बोलावून दाराला खालून रंधा मारून घेतला. स्कर्टिंग भिंतीला ठोकली, फळ्यांना नाही.

यंदा ऑगस्टमध्ये मुद्दाम एक स्कर्टिंग काढून बघितलं, 8 ची फट 5-6 वर आलेली, मधे कुठेही फुगवटा नाही. मेव्हण्याला फोटो पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवला.

फक्त दाराजवळ दोन जोडांच्या कडा जरा वर आल्यात. तो ओल्या फडक्याचा प्रकार आहे, पिळून घेतलेलं फडकं चालतं, निथळतं नाही, पाणी जोडातून आत जातं. आई म्हणते मी तर पुसतच नाही तुझा फोटो. माळ्यावर सहा फळ्या शिल्लक आहेत आणि दाराकडची ओळ शेवटची असल्याने स्कर्टिंग काढून तेवढ्याच बदलता येतील, पण आधी आईला नवीन मॉप आणून देतो.