उचल, टन आणि दहावीचे गणित

बीड जिल्ह्यातील ज्या माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो, तेथे दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते आणि त्याच सुमारास दहावीची बाके रिकामी होऊ लागतात; आईवडिलांनी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघालेल्या असतात.

2024 च्या फेब्रुवारीत, अंतर्गत मूल्यमापनाच्या दिवशी, दिवाळीपासून गैरहजर असलेला एक विद्यार्थी सांगलीकडून रात्रभर एसटीने प्रवास करून थेट वर्गात आला. त्याच्याकडे गृहपाठाची वही नव्हती, जीएसटीच्या प्रश्नावर तो गप्प राहिला आणि रेषीय समीकरण त्याला मांडताच आले नाही. जाताना मात्र त्याने खिशातून घामाने मऊ पडलेली डायरी काढली. “सर, एवढा हिशोब बघता का? मुकादम जुन्याच दरानं धरतोय.”

जानेवारीतील करारानुसार तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला होता. डायरीत प्रत्येक खेपेची तारीख, काट्याच्या पावतीवरचे वजन आणि उचलीत वळती झालेली रक्कम नीट लिहिलेली होती. एका पानाची बेरीज 37 टन. मी कागद पुढे ओढेपर्यंत तो सांगून मोकळा झाला, “फरक 93 चा. शंभरानं 3,700, त्यातून सातानं 259 वजा. 3,441 कमी लावलेत.”

कंसाचा इतका स्वच्छ विस्तार त्या दिवशी वर्गात दुसऱ्या कोणी केला नाही, आणि आमच्या 20 गुणांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

अशा मुलांना शाळेचा उपयोग काय, असे शिक्षकखोलीत म्हटले जाते. मला ते पटत नाही. उरलेली उचल किती टनांत फिटेल, असे त्याने विचारले, तेव्हा टनांसाठी ‘क्ष’ धरून मी समीकरण त्याच्याच आकड्यांनी मांडले आणि पुढचे त्याने स्वतः सोडवले. शिकवण्यासारखे शाळेत भरपूर आहे. अडते ते वेळापत्रकात. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू होतो, त्यामुळे पालक स्थलांतरित झालेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांचा आधारही प्रामुख्याने आठवीपर्यंतच मिळतो, आणि पुढे दहावीला 75 टक्के हजेरीचा नियम उभा राहतो. वर्षभर एकाच गावी राहणारे मूल गृहीत धरून हे सारे आखलेले आहे. (आमचे हजेरीपत्रक कसे भरले जाते, याविषयी न बोललेलेच बरे.)

संध्याकाळच्या गाडीने तो परत निघाला. फडात एक माणूस कमी पडला की सगळ्या टोळीचा खोळंबा होतो. मी दिलेले प्रश्नसंच पिशवीत घालताना म्हणाला, “बीजगणित जमंल, सर. भूमिती मोबाईलवर नाही कळत, ती तुम्हीच शिकवा.” त्या वर्षीची परीक्षा मार्चच्या पहिल्या तारखेला सुरू होणार होती आणि त्याच्या कारखान्याचा हंगाम संपून पट्टा तोवर पडणार नव्हता.