अर्धं जग कागदावर

सोमवार

जुना कॉम्प्युटर आरपीजी, म्हणजे पात्रं घडवत खेळायचा रोल-प्लेइंग गेम, पुन्हा लावायचा म्हटलं की लोक एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम), रिझोल्यूशन, आवाजाची सेटिंग यातच अडकतात. ते थोड्या वेळाचं काम आहे. खरी तयारी टेबलावर करायची असते: आलेख कागद, एचबी पेन्सिल, खोडरबर. या गेम्सचं निम्मं जग खेळणाऱ्यानं कागदावर उभं करायचं होतं. कागद न घेता बसणारा बहुधा ‘फारच किचकट बुवा’ म्हणत दुसऱ्या दिवशी नाद सोडतो.

‘विझर्ड्री’ घ्या. १९८१, ॲपल टू हा कॉम्प्युटर, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड. दहा मजल्यांचं भुयार, प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा. पडद्यावर एका छोट्या खिडकीत रेघांच्या भिंती दिसतात, उरलेल्या जागेत तुमच्या सहा जणांच्या टोळीची, म्हणजे पार्टीची, नावं आणि आकडे. नकाशा कुठेच नाही.

कागद कसा आखायचा ते नीट लिहून ठेवतो, कारण इथेच गडबड होते. पाच मिलिमीटरचे चौकोन असलेला कागद पुरतो, २० चौकोनांना दहा सेंटिमीटर लागतात. डाव्या खालच्या कोपऱ्यात जिना, तोच शून्य-शून्य. तिथून उजवीकडे पूर्व, वर उत्तर, आणि आकडे ० ते १९. एकपासून मोजायची सवय आधी मोडा, गेम शून्यापासूनच मोजतो. चारही बाजूंना चार-पाच चौकोनांचा समास सोडा, खुणांचे अर्थ तिथे लिहायला होतात. ज्या गेममध्ये सुरुवात कुठून होते ते माहीत नसतं, तिथे मात्र कागदाच्या मधोमध सुरू करावं, नाहीतर डावीकडे कागद संपतो आणि चिकटपट्टीचे उद्योग सुरू होतात.

भिंत म्हणजे दोन चौकोनांमधली रेघ. चौकोन काळा करायचा नाही. हे महत्त्वाचं, कारण एकाच भिंतीला या बाजूनं दार असतं आणि त्या बाजूनं नुसती भिंत. अशा ठिकाणी रेघेच्या ज्या बाजूनं दार दिसलं त्याच बाजूला छोटी आडवी खूण करावी. लांबून दिसलेली भिंत फिकट काढावी आणि तिथे पोचल्यावर गडद करावी. पाऊल पडलेल्या प्रत्येक चौकोनात एक ठिपका द्यावा. ठिपका नसलेला चौकोन म्हणजे अजून बघायचा राहिलेला, मग तो चारही बाजूंनी बंद का दिसेना. बंद दिसणाऱ्या जागांतच गुप्त दारं असतात. ती शोधायला धर्मगुरूचा ‘मिल्वा’ हा उजेडाचा स्पेल (मंत्र) लागतो. अंधारात नुसत्या डोळ्यांनी ती सहसा सापडत नाहीत.

आता चकवा. या भुयारात तो तीन प्रकारांनी लागतो.

फिरकीचा चौकोन पार्टीला कुठल्याही दिशेला वळवतो आणि तसं सांगतही नाही. चारही बाजू सारख्या असलेल्या चौकात तो असला तर समोरचं चित्र बदलत नाही, आणि पुढचे दहा-बारा चौकोन तुम्ही उत्तर समजून पश्चिमेला काढता. नकाशा जुळेनासा झाला की शेवटच्या खात्रीच्या ठिपक्यापर्यंत मागे यायचं, वाटेतला एकसारखा दिसणारा चौक गाठायचा आणि तिथे संशय घ्यायचा. आत शिरल्या शिरल्या जादूगाराचा ‘डुमापिक’ हा स्पेल म्हणायचा: जिन्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आणि तोंड कुठे, हे तो सांगतो.

अदृश्य टेलिपोर्टर त्याहून वाईट. त्याची एकच खूण: नवीन भिंती आधी काढलेल्या भिंतींवर चढायला लागतात. अशा वेळी खोडायचं नाही. खोडलं की चुकीचं आणि बरोबर दोन्ही जातं. कोरा कागद घ्यायचा, त्यावर मधूनच सुरू करायचं, आणि ‘डुमापिक’चा आकडा मिळाला की दोन कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरायचे.

तिसरा अंधाराचा पट्टा. तिथे चित्रच दिसत नाही, मिल्वाही चालत नाही. भिंतीला धडकलं की ‘आउच’ असा शब्द येतो, तेवढ्यावर नकाशा काढायचा. प्रत्येक चौकोनात चारही दिशांना धडकून बघायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण पहिल्या मजल्यावरचा असा पट्टा टाळून चालत नाही, कारण खाली नेणारी पहिली लिफ्ट त्यातच आहे.

इथे हिशोबाचा प्रश्न येतो. ‘डुमापिक’ पहिल्या पातळीचा स्पेल, आणि राक्षसांना झोपवणारा ‘कटिनो’ही त्याच पातळीचा. दोन्ही एकाच मोजक्या साठ्यातून जातात. सुरुवातीच्या जादूगाराकडे हा साठा इतका तुटपुंजा असतो की दिशा विचारली तर लढाईला उरत नाही, आणि लढाईत उडवला तर घरचा रस्ता अंदाजपंचे शोधावा लागतो. माझा नियम: शेवटचा एक स्पेल उरला की मागे फिरायचं, समोर कितीही मोहाचं दार असलं तरी. भुयाराबाहेर किल्ल्यात आलं की जादूगाराला सरायच्या तबेल्यात झोपवायचं. तबेला फुकट असतो, त्यात जखमा भरत नाहीत पण स्पेल सगळे परत येतात.

सगळी पार्टी मेली तर? प्रेतं तिथेच पडून राहतात, आणि मेल्याची नोंद डिस्कवर लगेच होते. नवी पार्टी तयार करून, तिला मोठी करून, जुनी प्रेतं उचलून आणायची. म्हणून लढाई हाताबाहेर जातेय असं दिसताच पार्टी कुठल्या मजल्यावर, कुठल्या चौकोनात आहे ते लिहून ठेवावं. शेवटच्या पातळीचा ‘मॅलोर’ तर पार्टीला आकडे टाकून हवं तिथे उडवतो, आणि आकडा चुकून दगडात उतरलात तर सहाही जण कायमचे गेले. एक चौकोन इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा गेम नाही.

एक सवलतही आहे. चौथ्या मजल्यावर निळी फीत मिळाली की दुसरी लिफ्ट थेट नवव्यापर्यंत नेते. पाच ते आठ हे मजले गेम संपवायला लागतच नाहीत. चार मजल्यांचा नकाशा वाचला. हौस असेल तर काढावा, मी तो आळसानं सोडून देण्याच्या बाजूचा आहे.

बुधवार

१९८५ चा ‘अल्टिमा फोर’. रिचर्ड गॅरियटचा. यात वाईटाचा कोणी राजा मारायचा नाही, आठ सद्गुण अंगी बाणवायचे. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते वहीबद्दल.

इथे माणसांशी शब्द टाइप करून बोलावं लागतं. ‘नेम’, ‘जॉब’, ‘हेल्थ’ हे तीन शब्द सगळ्यांना चालतात. उत्तरात एखादा ठळक शब्द येतो, तो पुन्हा टाइप केला की पुढचं कळतं. गेम शब्दाची पहिली चारच अक्षरं बघतो, त्यामुळे लांबलचक लिहायची गरज नाही. पण ऐकलेलं गेम साठवत नाही. एका गावातला माणूस म्हणतो, अमुक गावात तमक्याला या गोष्टीबद्दल विचार. ते लिहिलं नाही तर त्या दुसऱ्या माणसासमोर उभं राहूनही तोंडातून योग्य शब्द निघत नाही, आणि तो बिचारा ताकास तूर लागू देत नाही. वहीत गावाप्रमाणे पान करावं, आणि ‘कोणी सांगितलं’पेक्षा ‘कोणाला विचारायचं’ याला मोठी जागा द्यावी. नोंद ज्या गावात उपयोगी पडणार त्या गावाच्या पानावर करायची, ऐकली त्या गावाच्या नाही. एवढा एक बदल केला की अर्धी भटकंती वाचते.

चंद्रदारांचं, म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात नेणाऱ्या जादूच्या दारांचं, कोष्टक लोक उगाच ६४ घरांचं करतात. आकाशात दोन चंद्र: ट्रॅमेल आणि फेलुका, दोघांच्या आठ-आठ कला. ट्रॅमेलची कला ठरवते कुठलं दार उघडं आहे, फेलुकाची ठरवते ते कुठे नेईल. दोघांचा क्रम एकच, म्हणून आठ ओळींची एकच यादी दोन्हीकडे चालते. अमावास्येपासून: मूनग्लो, ब्रिटन, जेलोम, यू, मिनोक, ट्रिन्सिक, स्कारा ब्रे, मॅजिन्शिया. फेलुका तिप्पट वेगानं बदलते, म्हणजे एक दार उघडं असेपर्यंत तीन ठिकाणं आळीपाळीनं मिळतात. हवं ते नसेल तर थोडं थांबायचं. दोन्ही चंद्र पूर्ण असताना मिनोकजवळच्या दारातून शिरलात तर अध्यात्माच्या देवळात पोचता, तिथे पायी रस्ता नाही. आणि दोन्ही अंधारात असतील त्याच वेळी नाइटशेड आणि मँड्रेक या स्पेलसाठी लागणाऱ्या जडीबुटी ठरावीक जागी शोधून मिळतात. दुकानदार त्या विकत नाहीत.

ती ठरावीक जागा सांगितली जाते अक्षरांत, आणि इथे सेक्स्टंट (आपली जागा सांगणारं खलाशांचं यंत्र) वापरणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात. अक्षांश दोन अक्षरांचा, रेखांश दोन अक्षरांचा, ‘ए’पासून ‘पी’पर्यंत सोळा अक्षरं. पहिल्या अक्षराला १६ नं गुणायचं, दुसरं त्यात मिळवायचं. ‘ए’ म्हणजे शून्य. म्हणजे ‘जे-ए’ हे ९ गुणिले १६ अधिक ०, बरोबर १४४. ‘बी-सी’ म्हणजे १८. ‘ए’ला एक धरलंत तर प्रत्येक उत्तर १७ नं चुकतं, आणि नकाशावर १७ चौकोन म्हणजे दुसऱ्याच खोऱ्यात. जग २५६ बाय २५६ आहे, तेव्हा कागदावर १६ बाय १६ मोठी घरं आखा, बाजूंना ‘ए’ ते ‘पी’ लिहा. पहिली अक्षरं घर सांगतात, दुसरी घराच्या आतली जागा. गुणाकारही करावा लागत नाही.

आंधळ्या दुकानदारीणीचा उल्लेख राहायला नको. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे, पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिलेत तरी ती माल देते. प्रामाणिकपणाचा आकडा मात्र आतल्या आत खाली येतो आणि तो पडद्यावर दिसत नाही. लॉर्ड ब्रिटिशच्या किल्ल्यातला हॉकविंड विचारलं तर मोघम सांगतो, तेवढंच. वहीत सद्गुणांचं एक पान ठेवून त्याचं शेवटचं उत्तर तारखेसकट लिहावं, म्हणजे गाडी कुठे रुतली ते कळतं.

शुक्रवार

कागदाचा एवढा सोस का, याचं निम्मं उत्तर जागेत आहे. ॲपल टूच्या फ्लॉपीच्या एका बाजूला १४० किलोबाइट मावत. त्यात भुयार, राक्षस, नियम सगळं बसवायचं, मग वर्णनाला जागा कुठली? १९८८ च्या ‘वेस्टलँड’नं वर्णनं छापील पुस्तिकेत टाकली. पडद्यावर यायचं: अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. आगाऊ वाचणाऱ्यांसाठी त्यात खोटे परिच्छेदही घातलेले, मंगळावरची एक आख्खी बनावट कथा. त्याच वर्षीच्या ‘पूल ऑफ रेडियन्स’च्या पुस्तिकेत गुत्त्यातल्या गप्पा आहेत, काही खऱ्या, काही थापा. पायरसीला आळा हा दुसरा हेतू होताच. हे गेम आज पीडीएफसोबत मिळतात. पुस्तिका छापून घ्या. पीडीएफ चाळताना पुढचे परिच्छेद नजरेला पडतातच.

‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये चौकोनाचे आकडे पडद्यावरच दिसतात, त्यामुळे तिथे फिरकीची भीती उरत नाही. नवख्यानं सुरुवात याच गेमनं करावी असं मला वाटतं. मजले १६ बाय १६, आकडे समोर, पेन्सिल हाताळायला शिकायला उत्तम.

१९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये नकाशा गेमच काढतो, पण तारीख सांभाळायला लागते. तुमची माणसं राहतात त्या व्हॉल्ट १३ या भूमिगत आश्रयस्थानातलं पाणी १५० दिवस पुरणार, आणि वाळवंटातला प्रत्येक प्रवास दिवस खातो. ५ डिसेंबर २१६१ ला सुरुवात. त्या तारखेत १५० मिळवून मुदतीचा दिवस आधीच लिहून ठेवा: ४ मे २१६२. मग नुसत्या जखमा भरायला दहा-दहा दिवस विश्रांती घ्यायची सवय आपोआप सुटते. हब या गावातल्या पाणीवाल्यांना पैसे देऊन १०० दिवस वाढवता येतात, पण मूळ आवृत्तीत त्यामुळे शत्रू असलेले म्युटंट व्हॉल्टपर्यंत लवकर पोचतात, आणि तिथेच खेळ संपतो. नंतरच्या दुरुस्तीत (पॅच) म्युटंट पोचण्याची ही दुसरी मुदत इतकी लांबवली की तिचा त्रास राहत नाही.

आणि २००२ चा ‘मॉरोविंड’. कंपासवर बाण नाही, नकाशावर टिंब नाही, लोक तोंडी पत्ता सांगतात. बाल्मोरा गावाहून आर्कनगथांड या जुन्या अवशेषाला जायचा पत्ता ऐकताना शब्द जसेच्या तसे लिहा, आणि मुख्य म्हणजे सुरुवात कुठल्या दारापासून आहे ते लिहा. चुकामूक होते ती बहुधा तिथेच: पत्ता बरोबर, पण निघालो दुसऱ्या बाजूनं. प्रत्येक खूण सापडली की तिच्यापुढे टिक, आणि खूण सापडली नाही तर पुढे रेटायचं नाही, मागच्या टिकेपर्यंत यायचं. रस्त्यावरच्या पाट्यांवर कर्सर नेला की गावांची नावं दिसतात. आर्कनगथांडचं दार बंदच दिसतं. ते उघडायला बाहेरच्या पाइपवरची फिरकी वळवावी लागते, आणि दगडावर क्लिक करकरून वैतागलेले बरेच जण ती बघतच नाहीत. ज्यासाठी तिथे जायचं तो आतला ड्वेमर (एक लुप्त जमात) कोड्याचा डबा हा छोटासा ठोकळा एका बाजूच्या खोलीतल्या फळीवर आहे. भांड्यांच्या गर्दीत तो सहज सुटतो.

गेमची स्वतःची डायरी मात्र मूळ आवृत्तीत भरवशाची नाही. सगळ्या कामांच्या नोंदी तारखेप्रमाणे एकापाठोपाठ येतात, आणि जुनी गोष्ट शोधायला पानंच्या पानं उलटावी लागतात. कामाप्रमाणे वेगळं बघण्याची सोय ‘ट्रायब्युनल’ या विस्तारात आली. मूळ गेमच खेळत असाल तर प्रत्येक कामाला वहीत एक ओळ पुरते: कोणी दिलं, कुठे जायचं, काय आणायचं, परत कोणाला द्यायचं. चौथं सगळ्यात जास्त विसरलं जातं.