खानापूरचा साखरपुडा

खानापूरहून साखरपुडा आटपून आत्ता घरी पोचलो. पोटात कुंदा, डोक्यात भुंगा.

बैठकीत तीन तास काय ठरलं? कार्यालय, किती तोळे, वऱ्हाडाला बस एक की दोन. नवरा-नवरीला गच्चीवर दहा मिनिटं, तीही खाली पोरं शिट्ट्या मारत असताना! मी म्हटलं, कॅम्पातल्या माझ्या कॅथलिक मित्राला लग्नाआधी चर्चचा कोर्स करावा लागला. पैसा, मुलं, भांडणं, सगळ्यावर बोलून घेतात. आपल्यात का नको? तर मामा म्हणाले, "लग्नाला काय लायसन लागतंय व्हय रे?" सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही.

मग पाणी प्यायला आत गेलो. आक्का शेगडीपाशी एकटीच पापड तळत बसलेली. चार वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला, परस्पर संमतीनं. त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावं लागतं (हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलंय). आमच्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही, 'टाकलेली' हा एकच शब्द पाठ. ओटी भरायला सगळ्या बायकांना हाका गेल्या. तिला नाही.

"पोरीला विचारलासा काय रे, नोकरी ठेवायची का सोडायची?" झारा हातात तसाच धरून तिनं हळूच विचारलं.

कुणीच विचारलेलं नव्हतं.