थार, जिम्नी आणि गुरखा: संभाजीनगर ते माहूर प्रवासातील भरवशाचा हिशेब

परतीच्या पावसाने उघडीप दिली होती आणि शिवारात सोयाबीनच्या मळणीची घाई चालू होती, अशा दिवसांत आम्ही तीन गाड्या घेऊन छत्रपती संभाजीनगरहून बीड, धारूर, अंबाजोगाई, परळी, नांदेड आणि किनवट या मार्गाने माहूरला गेलो. गाड्यांपैकी एक २०२० साली बाजारात आलेल्या पिढीची महिंद्राची डिझेल थार, दुसरी मारुती सुझुकीची पाच दारांची पेट्रोल जिम्नी आणि तिसरी २०२१ च्या आवृत्तीची फोर्सची गुरखा होती. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी, गाडी घेऊ पाहणारा मराठवाड्यातील माणूस सर्वांत आधी ‘यांतली दगा न देणारी कोणती?’ एवढेच विचारतो, म्हणून हा वृत्तांत त्याच अंगाने लिहिला आहे. माझे मत आधीच सांगतो. आपल्या भागात अशा गाडीचा भरवसा बॉनेटवरच्या नावावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो तिचे किती सुटे भाग गावोगाव धावणाऱ्या साध्या गाड्यांशी जुळतात यावर अवलंबून असतो.

बीडपर्यंतचा धुळे-सोलापूर महामार्ग उत्तम आहे आणि तिथे कोणत्याही गाडीची परीक्षा होत नाही. मांजरसुंब्याहून केजकडे वळल्यानंतर मात्र रात्रीचा प्रवास टाळावा. दसरा झाला की धारूर, केज, वडवणी या पट्ट्यातील ऊसतोड टोळ्या बिऱ्हाडासह निघू लागतात, आणि एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो ना लाल पट्टी. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात अशी ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तेलगावच्या बाजूने धारूरला येणाऱ्यांनी धारूर घाट दिवसाउजेडीच चढावा, कारण वळणे अरुंद आहेत आणि अवजड वाहने संपूर्ण रस्ता व्यापून वळतात.

खरी परीक्षा धारूरच्या अलीकडे एका पाणंदीत झाली. वरून सुकलेली, भेगाही पडू लागलेली काळी जमीन पाहून आम्ही गाड्या आत घालण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात बांधावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने हात वर करून थांबवले. ‘साहेब, आज नका घालू. अजून वापसा नाही. वरून वाळलंय, पण खाली सगळा लगदा हाय.’ ‘मग कधी येऊ मामा?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी पायाच्या टाचेने माती दाबून दाखवली. वरचा पापुद्रा मोडला आणि खालून काळीभोर, चकाकणारी माती टाचेला चिकटून वर आली. ‘ही टाचेला चिकटायची थांबली की या,’ ते म्हणाले. पुढे येणाऱ्यांना याहून सोपी कसोटी मी सांगू शकणार नाही. ज्या दिवशी शेतकरी पेरणीसाठी ट्रॅक्टर रानात घालतो, त्या दिवशीच आपली गाडी पाणंदीत घालावी. रस्ता कोणाच्या बांधावरून जातो हे विचारून घ्यावे आणि पेरलेल्या रानातून बगल देऊ नये.

त्यांच्या परवानगीने, पाणंदीच्या तोंडाशी जिथे मुरूम टाकलेला होता तेवढ्याच भागात आम्ही गाड्या चालवून पाहिल्या, आणि मुरूम संपून माती सुरू होणाऱ्या टप्प्यावर फरक स्पष्ट दिसला. आपल्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण फार असते, त्यामुळे टायरच्या नक्षीतील खाचा क्षणात भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागते. अशा वेळी डिफरन्शियल लॉकचा, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच वेगाने फिरायला लावणाऱ्या कुलुपाचा, उपयोग मर्यादित असतो, कारण दोन्ही चाके मिळूनही पकड शून्यच राहते. जिम्नीचे वजन जेमतेम बाराशे किलो आणि टायर १९५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणून ती वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचत होती. थार तिच्याहून बरीच जड, आणि दोन टनांच्या पुढची गुरखा तर सर्वांत जड. या दोघी अडकल्या नाहीत, पण त्यांना वेग राखावा लागला. कडक मुरमाच्या खड्ड्यांत आणि दगडांत मात्र चित्र उलटे होते. तिथे एक चाक हवेत लटकल्यावर गुरखाचे पुढचे आणि मागचे यांत्रिक लॉक, किंवा थारच्या काही प्रकारांत मिळणारे मागचे लॉक, निमूटपणे काम करते. जिम्नीत हे काम फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून साधले जाते. ते चालते, पण चाकांना थोडे फिरू द्यावे लागते आणि चालकाला धीर धरावा लागतो.

याच ठिकाणी तिघांपैकी एका गाडीचा क्लच तापून जळका वास सुटला. ती कोणत्या कंपनीची हे लिहीत नाही, कारण तो दोष गाडीचा नव्हता. लो-रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) न घालता, अर्धा क्लच दाबून ओढून काढण्याचा प्रयत्न केला तर कोणत्याही कंपनीची क्लच प्लेट असाच वास सोडते. चिखल दिसताच, अडकण्यापूर्वीच लो-रेंज घालावी, टायरमधील हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवावी, आणि चाक जागीच फिरू लागल्यास ताबडतोब पाय काढून मागे यावे. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप जवळ हवाच. त्याबरोबर एक खुरपेही ठेवावे, कारण मडगार्डच्या आत ठासलेली माती वाळली की दगडासारखी होते आणि ब्रेकच्या नळ्यांना घासू लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अंबाजोगाईत चहाला थांबलो तेव्हा रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींना विचारले की या तिघींपैकी कोणती इथल्या इथे दुरुस्त करता येईल. त्यांनी गाड्यांकडे न पाहता एकेकीचे नातेवाईक सांगितले. जिम्नीचे दीड लिटरचे इंजिन अर्टिगाच्या आणि सियाझच्या घराण्यातले. अर्टिगा तर प्रत्येक तालुक्यात टॅक्सी म्हणून धावते, तेव्हा फिल्टर, प्लग, सेन्सर यांसाठी अडून राहावे लागत नाही. थारचे २.२ लिटरचे एमहॉक डिझेल इंजिन स्कॉर्पिओच्या घराण्यातले आणि स्कॉर्पिओ ओळखणारा मिस्त्री आपल्याकडे शोधावा लागत नाही. गुरखाचे २.६ लिटरचे इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६११ या आराखड्यावरून आलेले आहे, पण मिस्त्रींच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की त्याच घराण्यातले इंजिन फोर्सच्या ट्रॅव्हलरमध्ये असते. वऱ्हाडाच्या गाड्या आणि रुग्णवाहिका म्हणून ट्रॅव्हलर सर्वत्र असल्यामुळे गुरखाचे सेवाकेंद्र दूर असले तरी तिच्या इंजिनाला हात लावणारा माणूस जवळपास सापडतो.

हा नातेसंबंध इंजिनापाशी संपतो, आणि खरेदी करणारे नेमके इथेच फसतात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी), पुढचा अॅक्सल आणि लॉकचे भाग अर्टिगात नसतात आणि ट्रॅव्हलरमध्येही नसतात. हे भाग बिघडले तर गाडी संभाजीनगर किंवा नांदेडला नेणे आणि भाग येण्याची वाट पाहणे याला पर्याय उरत नाही. ज्यात कमी बिघडण्यासारखे आहे ते घ्यावे, असे माझे मत यावरून झाले आहे. म्हणूनच २०२४ च्या गुरखात फोर-व्हीलची निवड गोल खटक्याने होत असली, तरी खेड्यापाड्यात फिरणाऱ्याला मी जुन्या पद्धतीचा हाताने ओढायचा दांडा सुचवीन. तिन्ही गाड्यांची फोर-व्हील व्यवस्था गरजेपुरती वापरायची आहे. कोरड्या डांबरावर ती लावून वळणे घेतली तर ट्रान्समिशनवर ताण येतो, आणि महिनोन्महिने लावलीच नाही तर ऐन चिखलात दांडा हलत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडे अंतर ती लावून चालवावी.

टायरचेही असेच आहे. अठरा इंची चाके दिसायला रुबाबदार असतात, पण त्या मापाचा टायर धारूरला किंवा किनवटला फाटला तर दुकानदार हात जोडतो. पंधरा आणि सोळा इंची मापांत निदान काहीतरी मिळते. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिवसभर लो-रेंजमध्ये रांगत राहिल्याने सायलेन्सरच्या नळीतील काजळी अडवणारा डीपीएफ भरत जातो, आणि तो साफ होण्यासाठी इंजिन सलग वेगात चालावे लागते. परळी ते नांदेड हा टप्पा आमच्या उपयोगी पडला. जिम्नी पेट्रोलवर चालत असल्याने तिला ही कटकट नाही.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा रस्ता धरल्यास पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहता येतो. खडक शेवाळलेले असतात, त्यामुळे गाडी वरच्या मैदानातच सोडावी. या भागातील ओढ्यांवर फरशी पूल बरेच आहेत. थारसाठी ६५० मिलिमीटर आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता कंपन्या सांगतात. गुरखाला हवा ओढणारी उंच नळीही कारखान्यातूनच येते. परंतु हे आकडे संथ पाण्याचे आहेत. फरशीवरून ओढ वाहत असेल, कडेचे दगड दिसत नसतील, तर तिथेच थांबावे. काठावरच्या गावकऱ्यांनी बैलगाडी थांबवली असेल तर आपणही थांबावे.

किनवटपासून सागवानी जंगल सुरू होते. इथल्या वनखात्याच्या रस्त्यांवर परवानगीशिवाय गाडी घालू नये. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर मुळीच नाही. माहूरगडाचा घाट पक्का आहे, सणावारी व पौर्णिमेला गर्दी होते, आणि तिन्ही गाड्या तिथे साध्या मोटारीसारख्याच चढतात. टाकी किनवटलाच भरून घ्यावी.

परतल्यावर वॉशिंग सेंटरमध्ये नुसते वरून पाणी मारून घेऊ नये. गाडी रॅम्पवर चढवून खालचा चिखल, रेडिएटरच्या जाळीतील भुसा आणि एअर फिल्टर आधी साफ करून घ्यावे. पाण्यातून गाडी गेली असेल तर दोन्ही डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ झालेले दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून तेल बदलावे आणि ब्रीदरची (डिफरन्शियलमधील हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी तुंबली आहे का, ते मिस्त्रीकडून त्याच वेळी तपासून घ्यावे.